माझ्या इंजिनाची पहिली स्पर्धा

माझे बुद्धिबळ इंजिन, म्हणजे मी लिहिलेला बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, किती चांगले खेळते, हा प्रश्न स्पर्धेच्या तयारीत फार उशिरा आला. त्याआधी ते नियमाप्रमाणे खेळते का, हे मला पाहावे लागले. त्यासाठी ‘पर्फ्ट’ नावाची चाचणी रूढ आहे. आरंभीच्या मांडणीपासून दोन्ही बाजूंच्या मिळून चार चाली किती प्रकारे खेळता येतात, हे इंजिनाकडून मोजून घ्यायचे आणि उत्तर बरोबर 1,97,281 यायला हवे. माझे तेवढे आले. पाच चालींसाठी मात्र 48,65,609 च्या जागी 258 ने कमी आकडा येत राहिला, आणि दोन रात्री कोड वाचल्यावर उलगडा झाला: ‘आँ पासाँ’ने (दोन घरे पुढे आलेले प्यादे, ते एकच घर आले असे धरून, लगेच पुढच्या चालीत आपल्या प्याद्याने मारणे) प्यादे मारण्याची संधी पाचव्या चालीला प्रथम येते आणि तिथे तशा नेमक्या 258 चाली असतात. माझ्या इंजिनाला तो नियमच ठाऊक नव्हता.

त्यानंतर घड्याळ. इंजिन आणि स्पर्धा चालवणारा प्रोग्रॅम यांच्यातला संवाद बहुतेक ठिकाणी 2000 साली आलेल्या यूसीआय या पद्धतीने होतो. त्यात इंजिनाला उरलेला वेळ कळतो, पण चाल पोहोचेपर्यंत जाणारे काही मिलिसेकंद त्याने स्वतःच राखून ठेवायचे असतात. ते मी राखले नव्हते, त्यामुळे सरावात जिंकत आलेले डाव वेळ संपून गेले.

स्पर्धेच्या अर्जात सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला भाग कोडच्या उगमाचा होता. कोणती कल्पना कुठून घेतली, हे मी एकेक करून नोंदवले. 2011 मध्ये ‘रायब्का’ या इंजिनाची चार जागतिक विजेतेपदे इतरांचा कोड वापरल्याच्या ठपक्यावरून काढून घेतली गेली, त्या निर्णयावर पुढे बराच वाद झाला, पण उगम स्पष्ट सांगण्याची अपेक्षा मला योग्यच वाटते.

1974 मध्ये स्टॉकहोमला झालेल्या बुद्धिबळ प्रोग्रॅमांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत 13 प्रोग्रॅम होते आणि सोव्हिएत संघाचा ‘काइसा’ जिंकला. तेव्हाचे प्रोग्रॅम संस्थांच्या अवाढव्य संगणकांवर चालत. आज एका टोकाला ‘स्टॉकफिश’ हे इंजिन आहे, ज्याच्या प्रत्येक सुधारणेची चाचणी स्वयंसेवकांनी देऊ केलेल्या संगणकांवर हजारो डाव खेळवून होते. दुसऱ्या टोकाला नोकरी किंवा शिक्षण सांभाळून एकट्याने इंजिन लिहिणारे आमच्यासारखे लोक आहेत, आणि खालच्या विभागांत मुख्यतः आम्हीच असतो.

स्पर्धेत ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, आयोजकांनी ठरवलेली होती आणि तीच ओपनिंग दोन्ही इंजिने एकदा पांढऱ्या, एकदा काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती, म्हणजे सुरुवातीच्या लाभाची सबब कुणालाच उरत नव्हती. मी दोन्ही डाव हरलो. संध्याकाळी प्रतिस्पर्धी इंजिनाच्या लेखकाने स्वतःहून निरोप पाठवला: दुसऱ्या डावात हत्ती आणि प्याद्यांच्या शेवटात तुमचे इंजिन पुढे सरकलेल्या प्याद्याला फारच कमी किंमत देते, मूल्यमापनाचा तो भाग तपासा. तो भाग मी त्याच रात्री उघडला.