आधी काम बघायचं, मग टेबल मांडायचं : आमची वाटचाल

ऑफिसचं ले-आउट करून देणारे पुण्यात आज गल्लोगल्ली आहेत. दोन दिवसांत थ्रीडी व्ह्यू मिळतो, त्यात कुंड्या असतात, हसणारी माणसं असतात. आम्ही 2004 पासून या धंद्यात आहोत आणि पहिल्या कामापासून एक सवय सोडलेली नाही. ज्यांचं ऑफिस करायचं त्यांच्या जुन्या जागेत जाऊन बसायचं. कोण उठून कोणाकडे जातं, फोन कोणाला येतात, फाइल कुठून कुठे फिरते, दुपारी ऊन कोणाच्या स्क्रीनवर येतं, हे सगळं टिपून घ्यायचं. ड्रॉइंग त्यानंतर. या सवयीपायी एक मोठं काम हातचं गेलं, फर्म बुडता बुडता राहिली, तरी सवय तीच आहे.

सुरुवात नऱ्ह्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. भागीदार म्हणा, कारागीर म्हणा, सोबत होते आमचे मिस्त्री, मूळचे नागौरकडचे. कागदोपत्री भागीदारी कधीच नव्हती, पण त्यांना विचारल्याशिवाय मी एकही कोटेशन दिलं नाही. त्यांच्या पेटीत सागाचा रंधा, काटकोन बघायचा पितळी पट्टीचा गुण्या, चार पटाश्या आणि पाणी भरायची लेव्हलची नळी. आज आमच्याकडे लेझर लेव्हल आहे, बोर्ड कापायचा पॅनेल सॉ आहे, बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवायचं एजबँडिंगचं मशीन आहे. पण भिंत तिरकी असली की मिस्त्री आधी गुण्या लावतात, आणि जुन्या इमारतीत प्रत्येक भिंत तिरकी असते. टेबल ठोकायच्या आधी रिकाम्या जागेत पूर्ण मापाची लाइनआउट मारायची, हीसुद्धा त्यांचीच शिस्त. जमिनीवर खडूने टेबल, चिकटपट्टीने पार्टिशन, आणि त्यात खऱ्या खुर्च्या ठेवून मालकाला बसवायचं. ते म्हणायचे, "सेठ, कागज पे सब बैठ जाता है." लाइनआउटमध्ये खुर्ची मागे सरकवली की खरं काय ते कळतं. दोघं पाठीला पाठ करून बसत असतील तर टेबलांच्या कडांमध्ये निदान पाच फूट हवेत. चार फुटांत खुर्च्या एकमेकींना लागतात, आणि मधून चहावाल्याला जायचं असलं तर दोघांनाही उठावं लागतं.

आमचं पहिलं मोठं काम सदाशिव पेठेतल्या एका सी.ए. साहेबांचं. त्यांना वाटत होतं की स्वतःची केबिन दाराशी हवी, म्हणजे आलागेला दिसेल. ऑडिटच्या दिवसांत, 30 सप्टेंबरच्या आधी, मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. एक क्लायंट आत यायचा तो दुसऱ्या क्लायंटच्या उघड्या फायलींमधून वाट काढत. आर्टिकलची पोरं, म्हणजे सी.ए. होण्याआधी हाताखाली शिकणारी, व्हाउचर तपासत आणि त्यांच्या कानाशी टॅली सांभाळणाऱ्या बाई दिवसभर फोनवर. मी सांगितलं, "साहेब, मीटिंगची खोली दाराशी घेऊ आणि तुम्ही आत बसा. आलेला माणूस हॉल ओलांडूच नये." बाईंचं टेबल प्रिंटर आणि पँट्रीच्या बाजूला नेलं, तिथे आवाज आधीपासूनच होता. आर्टिकलना खिडकीकडची शांत बाजू दिली. साहेबांनी लाइनआउटमध्ये अर्धा तास बसून बघितलं आणि होकार दिला. त्या बाई उंचीने कमी. साडेसातशे मिलीमीटरच्या टेबलाला खुर्ची जुळवली की त्यांचे पाय अधांतरी राहायचे. मिस्त्रींनी उरलेल्या प्लायचा उतरता ठोकळा करून दिला, वर जुन्या लॅमिनेटचा तुकडा. तो ठोकळा त्यांच्या टेबलाखाली आजही आहे. तेव्हापासून प्रत्येक कामात आम्ही असे ठोकळे देतो आणि बिलात लावत नाही.

पुढची वर्षं कामं येत गेली, शेड मोठी झाली. ते सांगत बसत नाही. 2017 बद्दल मात्र सांगायलाच हवं.

बाणेरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं नवं ऑफिस आमच्याकडे आलं. तोवरचं आमचं सगळ्यात मोठं काम. त्यांच्या जुन्या जागेत आम्ही बसलो तेव्हा लक्षात आलं की तिथे दोन जातीची कामं चालतात. सपोर्टची टीम संध्याकाळपासून परदेशी ग्राहकांशी फोनवर, आणि कोड लिहिणारे कानात हेडफोन घालून आपलं डोकं शाबूत ठेवायच्या प्रयत्नात. आम्ही दोघांच्या मध्ये पँट्री, सर्व्हर रूम आणि छोट्या मीटिंगच्या खोल्यांची ओळ टाकली. फोनसाठी बंद खोल्या काढल्या. चार फुटी टेबलांच्या 96 जागा बसल्या. वर्क ऑर्डर मिळाली, थोडा अॅडव्हान्स आला, आणि बोर्ड कटिंगला लागला.

तेवढ्यात मुंबईची एक मोठी डिझाइन-अँड-बिल्ड कंपनी मध्ये घुसली. त्यांनी त्याच जागेत 128 सीट दाखवल्या. टेबल साडेतीन फुटांवर आणलं, फोनच्या खोल्या उडवल्या, सगळं एका हॉलमध्ये उघडं करून टाकलं आणि म्हणाले, भिंती नसल्या की माणसं एकमेकांशी बोलतात. संचालकांना माणशी भाड्याचा आकडा दिसला. आमची ऑर्डर दोन ओळींच्या मेलवर रद्द झाली. पुढे मुंबईवाल्यांचं ड्रॉइंग माझ्या हाती आलं. पँट्री आणि सर्व्हर रूम आमचीच, मापांसकट. त्याचं वाईट अजूनही वाटतं आणि ते मी लपवत नाही.

तेच दिवस जीएसटीचे. आधी वर्षाला दीड कोटीच्या आत उलाढाल असलेल्या आमच्यासारख्यांना एक्साइज माफ होती, व्हॅट साडेतेरा टक्के. 1 जुलैपासून फर्निचरवर 28 टक्के लागले. नोव्हेंबरमध्ये ते 18 वर आले, पण मधल्या महिन्यांत गिऱ्हाईक थांबून राहिलं. शेडमध्ये 25 एमएमच्या प्रीलॅम, म्हणजे आधीच लॅमिनेट लावलेल्या, बोर्डाचे कापलेले टेबलांचे टॉप, दोन एमएमची एज लावून तयार, आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या व्यापाऱ्याची उधारी डोक्यावर. कापलेला बोर्ड कोणी परत घेत नाही. मिस्त्रींनी स्वतःचा पगार घेणं बंद केलं आणि मला न सांगता कामावरच्या पोरांचा किराणा भरला. हे मला दुकानदाराकडून कळलं.

सावरलं ते सी.ए. साहेबांनी. आमचे जीएसटीचे कागद तेच बघत होते, त्यामुळे खात्यात काय आहे ते त्यांना माझ्याआधी ठाऊक. म्हणाले, "अहो, कर्वे रोडला दुसरी शाखा काढतोय. ते टॉप किती आहेत तुमच्याकडे?" त्यांना लागत होते त्याहून जास्त होते. त्यांनी सगळे घेतले, उरलेल्यांचे फाइल रॅक करवून घेतले आणि पैसे आगाऊ दिले. भाव पाडून मागितला नाही. बाणेरसाठी कापलेल्या टेबलांवर त्यांचे आर्टिकल आज बॅलन्सशीट जुळवतात.

धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी एवढं ऐकावं. मालाचे पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय बोर्ड सॉवर चढवू नका, आणि मापं घातलेलं ड्रॉइंग फी मिळाल्याशिवाय हातातून सोडू नका. आणि ऑफिस करून घेणाऱ्यांनीही ऐकावं. माणसं वाढवलीत तर एसीचं टनेज आणि संडास दोन्ही वाढवा. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने पाळणाघराची सोय करावी लागते, तिची जागा पहिल्या दिवशी धरा, शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ढकलू नका. वास्तूप्रमाणे मालकाला नैर्ऋत्य हवी असते. जरूर घ्या, पण तिथे दुपारनंतर ऊन तापतं, मोठी काच लावू नका. खिडकीजवळची जागा दिवसभर बसून असणाऱ्याला द्या. साहेब निम्मा वेळ बाहेर असतात.

सीटचा आकडा फुगवायचा हा खेळ जुनाच आहे. अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी 1968 मध्ये माणसाला मोकळीक आणि आडोसा दोन्ही मिळावं म्हणून हलवता येणाऱ्या पॅनेलची रचना आणली. कंपन्यांनी तीच पॅनेलं वापरून माणसं खुराड्यात कोंबली. भिंती काढल्या की माणसं बोलतात, या दाव्याचंही 2018 मध्ये मोजमाप झालं. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत ऑफिस उघडं करण्याआधी आणि नंतर माणसांच्या अंगावर सेन्सर लावून तपासलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, मेल आणि मेसेज वाढले. माणूस उघड्यावर बसला की हेडफोन घालून आत शिरतो. आम्ही ते बाणेरवाल्यांच्या जुन्या जागेतच बघितलं होतं.

बाणेरच्या कंपनीचा फोन 2019 मध्ये आला. त्यांचे लोक जिन्यात उभे राहून कॉल घेत होते, शिफ्ट एकत्र आली की हॉलमध्ये कोणाला काही ऐकू येत नव्हतं. बंद खोल्या करून हव्या होत्या. मी आधी 2017 च्या रद्द केलेल्या कामाचं बिल पाठवलं. त्यांनी ते भरलं, मग आम्ही गेलो. खोल्या जिथे आम्ही पहिल्यांदा काढल्या होत्या तिथेच बसल्या, त्यासाठी 22 सीट उचलाव्या लागल्या.

लॉकडाउनमध्ये सगळ्यांसारखेच आम्हीही बंद होतो. आता आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिस असणारी गिऱ्हाइकं येतात आणि ठरलेल्या जागाच नकोत म्हणतात. सी.ए. साहेबांचे चिरंजीवही तेच म्हणाले. मी कर्वे रोडला जाऊन बसलो. आर्टिकलना टेबल कुठलंही चालतं, पण कॅल्क्युलेटर, चार्जर आणि डबा ठेवायला स्वतःचा, कुलूप लागणारा कप्पा हवा. दाराशी लॉकरची भिंत घेतली आहे. मिस्त्रींच्या मुलाने तिची लाइनआउट मारली, गुण्या वडिलांचाच. लॉकरची दारं या आठवड्यात एजबँडिंगला लागतील.