मार्चमधला निरोप समारंभ

2005 साली नाशिकहून शिकायला निघाले तेव्हा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स हे गाव नकाशात शोधावं लागलं होतं. पुढे नोकरीपायी डॅलसला अकरा वर्षं काढली आणि 2021च्या उन्हाळ्यात सामानसुमान घेऊन आम्ही परत लॉरेन्सला आलो. आईला फोनवर सहज म्हणून गेले, "घरी पोचलो गं." ती जरा थांबली, मग म्हणाली, "हो, तुझं दुसरं माहेरच ते."

या माहेरी आम्हा मराठी मंडळींचा एक मेळावा दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला भरतो. गणपती, दिवाळी सगळीकडे होतात, हा मात्र आमचाच. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना त्या दिवशी असतो. ज्यांना तिकिटं मिळतात ते ॲलन फील्डहाउस या विद्यापीठाच्या क्रीडागृहात जातात, बाकीचे आम्ही एकाच्या तळघरात जमतो. हिशेब, वर्गणी, नव्या कुटुंबांची ओळख हे सगळं सामन्याआधीच उरकतं.

नवीन येणाऱ्यांना मी न चुकता सांगते की ज्या जेम्स नेस्मिथने 1891 साली हा खेळ शोधला, तोच इथला पहिला प्रशिक्षक. त्याची समाधीही याच गावात आहे. त्याने टाइप करून घेतलेले मूळ 13 नियम आज फील्डहाउसला लागूनच असलेल्या इमारतीत काचेमागे ठेवलेत. फील्डहाउस 1955चं. 15,300 माणसं आत बसतात. सामना खिशात आला की ती सगळी "रॉक चॉक, जेहॉक, केयू" ही विद्यापीठाची घोषणा म्हणू लागतात. आधी दोनदा अगदी सावकाश, लांबवून, आणि मग भरभर. आरतीच्या शेवटी लय चढते ना, तसंच. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पण मी खरी वाट पाहते ती सामन्यानंतरची. शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून मैदानाच्या मधोमध येतात, हातात माईक घेतात आणि बोलतात. टीव्ही बंद करून आम्ही जेवणाच्या टेबलावर रेडिओ लावतो, कारण नुसतं ऐकताना आवाजातला कंप जास्त कळतो. मोठे खेळाडू छान बोलतात, पण माझे कान लागलेले असतात ते बाकावरच्या मुलाकडे. चार वर्षांत मोजकी मिनिटं खेळलेला, शिष्यवृत्तीही नसलेला असा एखादा असतोच. तो आईवडिलांचे आभार मानतो, प्रशिक्षकांचे मानतो आणि मग टॉवेल देणाऱ्या, चेंडू गोळा करणाऱ्या विद्यार्थी मदतनिसांची नावं घ्यायला लागतो. कुणी राहू नये म्हणून धडपडतो, मधेच अडखळतो. आपल्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला शिपाईमामांचं नाव घेताना घसा दाटायचा, तेच हे. तेवढा वेळ आमच्या तळघरात कुणी चमचाही वाजवत नाही.

2022चा मेळावा मी कधी विसरणार नाही. परत आल्यानंतरचा तो माझा पहिलाच. टेक्ससविरुद्धचा सामना जादा वेळेत गेला आणि आम्ही 70-63 जिंकलो. सहा वर्षं इथे राहिलेल्या मिच लाइटफूट या खेळाडूचा तो निरोप होता. महिन्याभरातच न्यू ऑर्लिन्सला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत 15 गुणांनी मागे पडूनही याच मुलांनी नॉर्थ कॅरोलायनाला 72-69 असं हरवलं. त्या रात्री गावातल्या मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर माझी मुलगी माझ्या खांद्यावर होती. 2008च्या राष्ट्रीय विजेतेपदाला याच रस्त्यावर मी मैत्रिणींचे हात धरून धावले होते. तेव्हाच्या अंतिम सामन्यात आमच्या मारिओ चाल्मर्सने 2.1 सेकंद उरले असताना बरोबरी साधून दिली होती.

एक सल आहे, तो बोलून टाकते. चाळीस मैलांवरच्या मोठ्या शहरातली मंडळी गणपतीला शंभर येतात, या दिवशी सातजण. रस्ता तोच, गाड्या त्याच. यंदा तरी या.

आता आभार. तळघर देणारे दादा-वहिनी, पहाटे चारला उठून मटकीची उसळ करणाऱ्या सोलापूरच्या काकू, पाव आणणारे डॉक्टर, पोरांच्या गालावर लाल-निळे पट्टे रंगवणारी कॉलेजची ती दोन मुलं, बर्फ पडला तेव्हा दारातली वाट मोकळी करणारे शेजारचे आजोबा (ते अमेरिकन, पण मिसळ आमच्यापेक्षा तिखट खातात), खुर्च्या आणणारे आणि परत पोचवणारेही. रेडिओ कोल्हापूरच्या काकांचा. ते दोन वर्षांपूर्वी गेले, रेडिओ काकूंनी आमच्याकडेच राहू दिला. त्याच्या एरियलला काकांनी गुंडाळलेली निळी चिकटपट्टी अजून तशीच आहे. चिवड्याचा डबा कुणी आणला होता ते मात्र मला आठवत नाही आणि त्याची फार चुटपुट लागली आहे. स्टीलचा डबा आहे, झाकणावर "सु" असं कोरलेलं आहे. तो माझ्याकडे धुऊन ठेवलाय, मार्चमध्ये घेऊन येते.