सात गिटारी, एक कॅमेरा, एक पावसाळा : कामाची नोंद

मे अखेर

सातही गिटारींच्या कोरड्या हवेतल्या फ्रेम पूर्ण झाल्या. तीन अकूस्टिक, तीन सॉलिड बॉडी (भरीव लाकडाच्या) इलेक्ट्रिक, एक आर्चटॉप (कमानदार फळीची). पुण्यात पहिली फेरी मेमध्येच उरकावी लागते. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथली हवा कडक कोरडी असते, जुलै-ऑगस्टमध्ये तीच ओलीचिंब होते, आणि लाकूड दोन्हीकडे हलतं. किती हललं हे आठवणीवर सोडलं की फसगत ठरलेली. म्हणून तीच लेन्स, तोच कोन, तोच प्रकाश ठेवून पावसाळ्याआधी, भर पावसाळ्यात आणि नंतर अशा तीन फेऱ्या. देखणे फोटो त्यातून मिळतातच, पण हे काम मुख्यतः निदानाचं आहे.

अंतराचा हिशोब आधी. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची अकूस्टिक, साधारण १०२ सेंटिमीटर लांब. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा धरून फ्रेममध्ये ११५ सेंटिमीटर बसायला हवेत. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरच्या लेन्सला त्यासाठी सुमारे २.८ मीटर अंतर लागतं. एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरवर ५० मिलिमीटरला अडीच मीटर पुरतात. ३५ मिलिमीटर लावून सव्वा मीटरवरून काढलं की बॉडीचा खालचा भाग फुगीर दिसतो आणि हेडस्टॉक (तारांच्या खुंट्यांचं टोक) बारीक होतो. अशा फोटोत वरच्या फळीचा (तारांखालच्या पातळ लाकडाचा) खरा फुगवटा शोधणं व्यर्थ.

एवढं अंतर असल्यामुळे गिटार जमिनीवर ठेवून वरून टिपायचा बेत फ्लॅटच्या छताखाली जमत नाही. गिटार भिंतीवरच्या हूकला टांगावी, मागचा राखाडी कागद ६०-७० सेंटिमीटर मागे. हूकच्या रबरावर सुती कापड गुंडाळायला विसरू नका. नायट्रोसेल्युलोज लॅकरची गिटार असेल तर काही रबरांतलं आणि फोममधलं प्लास्टिसायझर लॅकरमध्ये उतरतं, फिनिश चिकट होतं आणि डाग कायमचा राहतो. गिटार हलू नये म्हणून चिकटपट्टी किंवा पुट्टी लावणंही याच कारणासाठी बाद.

कॅमेरा गिटारच्या पातळीला समांतर आहे का, हे तपासायला खिशातला आरसा पुरे. वरच्या फळीवर, ब्रिज (तारांची खालची टोकं अडकतात ती पट्टी) आणि साउंडहोलच्या (गोल भोकाच्या) मधल्या सपाट जागी, मऊ कापडाच्या तुकड्यावर आरसा अलगद धरावा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहावं. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की दोन्ही समांतर. मग ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या खुणा फरशीवर करायच्या, उंची वहीत लिहायची, फ्रेमच्या कडेला स्टीलची पट्टी ठेवायची. ही पट्टी नसेल तर जुलै आणि मेचे फोटो एकमेकांवर ठेवून जुळवताना काय मोठं झालं आणि काय जवळ आलं, हे कळत नाही.

प्रकाश

चकचकीत फिनिशची अडचण ठाऊकच आहे. गिटारीत खोली दिसते, खिडकी दिसते, काढणाराही दिसतो. दोन दिवे ४५ अंशांवर ठेवले की सपाट फळी सुटते, आर्चटॉप सुटत नाही. तिच्या कमानीचा कुठला ना कुठला भाग दिव्याकडे तोंड करतोच. तिथे क्रॉस पोलरायझेशन लागतं. दोन्ही दिव्यांवर लिनियर पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे पोलराइज्ड प्रकाश जाऊ देणारी), दोन्हींची दिशा एकच, आणि लेन्सवर नेहमीचा सर्क्युलर पोलरायझर. तो फिरवत गेलं की एका जागी चमक पूर्ण नाहीशी होते आणि लाकडाचे रेषे लॅकरच्या आतून वर येतात. फिल्म आणि फिल्टर मिळून सुमारे तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश खातात. आयएसओ १००, एफ/८ वर १/६० सेकंदाला येणारी फ्रेम १/८ च्या आसपास जाते. ट्रायपॉड आहे, त्यामुळे बिघडत नाही, फक्त पंखा बंद हवा. टांगलेली गिटार वाऱ्याने डुलते आणि हेडस्टॉक तेवढा हलतो.

पूर्ण चमक मारली की ट्यूनर आणि पिकअपची कव्हरं काळीठिक्कर पडतात, कारण धातूवरून परतलेला प्रकाश पोलराइज्डच राहतो आणि फिल्टर तो अडवतो. यावर आम्ही दोन फ्रेम घेतो : एक पूर्ण बंद स्थितीत, लाकडासाठी. दुसरी फिल्टर १० ते १५ अंश मागे फिरवून, धातूत थोडा जीव ठेवून. चेरी रंगाच्या आणि सनबर्स्ट (कडेला गडद होत जाणाऱ्या) गिटारींत हिस्टोग्रामचा लाल चॅनल वेगळा बघावा. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल मात्र फुटलेला असतो. मग बर्स्टची कड सपाट पोस्टरसारखी दिसते.

पण निदानाच्या फ्रेमला यातलं काहीच चालत नाही. तिथे पोलरायझर काढा, सगळे दिवे बंद करा आणि एकच दिवा फळीला जवळजवळ टेकून, १० ते १५ अंशांवर, बाजूने लावा. फळीचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. ब्रिजच्या मागचा फुगवटा, साउंडहोलपाशी बसलेला खोलगट भाग, केसाएवढी चीर, पिकगार्डची सुटलेली कड, सगळं उघडं पडतं. ही फ्रेम कृष्णधवलच ठेवावी. शिसवीचा किंवा जुन्या स्प्रूसचा रंग डोळ्याला गुंतवतो आणि सावली वाचायची राहून जाते. छायाचित्रकार राल्फ गिब्सन स्वतः गिटार वाजवतात. त्यांची कामं पाहिली की निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आकार किती बोलतो ते समजतं.

याच बैठकीत बारीकसारीक नोंदीही झाल्या. इलेक्ट्रिकच्या मागची झाकणं काढून पॉटवरचे (आवाज आणि टोनच्या बटणांखालच्या भागांवरचे) आकडे मॅक्रोने टिपले. १३७ ने सुरू होणारा कोड सीटीएस या पॉट बनवणाऱ्या कंपनीचा. १३७७६३३ म्हणजे १९७६ चा ३३ वा आठवडा. गिटार त्याआधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते, इतकाच त्याचा अर्थ. पॉट बदललेला असेल तर तोही नाही, म्हणून सोल्डर मूळचं दिसतं का, याची फ्रेम सोबत हवी. गिब्सन कंपनीच्या गिटारींवरच्या १९७७ नंतरच्या आठ आकडी क्रमांकात पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, दुसरा ते चौथा मिळून वर्षातला दिवस. क्रमांक कोरलेला असतो, त्यामुळे समोरून फ्लॅश मारला की तो पुसट होतो. बाजूचा तिरपा प्रकाशच हवा.

गिटार परदेशात घेऊन जाणाऱ्यांनी फ्रेटबोर्ड आणि पाठीचे फोटो कागदपत्रांत ठेवावेत. शिसवीवर जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या साइट्सच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) निर्बंधांतून तयार वाद्यं नोव्हेंबर २०१९ मध्ये सुटली, पण ब्राझिलियन शिसव १९९२ पासून सर्वांत कडक निर्बंधांच्या परिशिष्ट एकमध्ये आहे आणि तिला ही सूट नाही.

जुलै अखेर

खोलीत ७८ टक्के आर्द्रता. हा आकडा ज्या मीटरवर वाचला तो आधी तपासून घेतला होता. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतपत चार-पाच थेंब पाणी. बूच आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवं. आमच्या दोनपैकी एकाने ६८ दाखवलं, म्हणजे त्याच्या प्रत्येक वाचनात ७ मिळवायचे. स्वस्त मीटर वाईट नसतात, न तपासलेले वाईट असतात.

ड्रेडनॉटची मापं पाहा. वरची फळी स्प्रूस, पाठ शिसवीची, १२-५३ जाडीच्या तारा. मेमध्ये बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड ईची अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) २.३ मिलिमीटर होती, आता २.९. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, चौदाव्यावर तार दाबून, सातव्यापाशी मोजलेला रिलीफ (नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, किंचित बाक) तेव्हा ०.२० होता, आता ०.१८. म्हणजे नेक जवळपास जागची हलली नाही. ब्रिजच्या मागे स्टीलची पट्टी आडवी टेकवून, पलीकडून टॉर्च धरून फोटो घेतला. पट्टी मध्यावर टेकते आणि दोन्ही टोकांखाली उजेडाची पाचर दिसते. मेच्या फोटोत ही फट दीड मिलिमीटर होती, जुलैच्या फोटोत अडीच. फळीने पाणी घेतलं आणि ती ब्रिजला घेऊन वर आली. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत नाही, म्हणून हा बदल फळीत दिसतो आणि नेकमध्ये दिसत नाही.

दरवर्षी सगळ्यात जास्त गिटारी इथे बिघडतात. अ‍ॅक्शन वाढली म्हणून सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासायला नेतात. बाराव्या फ्रेटवर ०.६ कमी करायला सॅडल १.२ मिलिमीटर घासावं लागतं. ऑक्टोबरनंतर फळी खाली बसते, मार्चमध्ये आणखी बसते, आणि मग प्रत्येक तार फ्रेटवर खरखरते. ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) आवळूनही हे सुटत नाही, कारण रिलीफ मुळात ठीक आहे. पावसाळ्यात वाजवायला जड जात असेल तर एक कमी उंचीचं सॅडल वेगळं बनवून घ्या आणि मूळचं डबीत जपून ठेवा.

साठवणीबद्दल. गिटारला ४५ ते ५५ टक्के हवेत, लेन्सना ४० ते ५०. दोन्ही छंद एकाच कपाटात मावतील असं वाटतं, पण लेन्ससाठी ३५-४० वर लावलेल्या ड्राय कॅबिनेटमध्ये अकूस्टिक ठेवू नये. तिथे फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि फळी फाटू शकते. मीटरशिवाय केसमध्ये सिलिका जेल टाकणं हाही तोच प्रकार. ४९ टक्क्यांची दुतर्फी (ओलावा घेणारी आणि सोडणारी) पाकिटं केस घट्ट बंद राहत असेल तर उत्तम चालतात. पावसाळ्यात ती पाणी पिऊन टम्म होतात, मग त्यांचा उपयोग संपतो. दर पंधरवड्याला बोटाने दाबून पाहावं. लेन्स आणि बॉडी वेगळ्या हवाबंद डब्यात, नारिंगी सिलिका जेलसह. रंग उडाला की तापवून पुन्हा वापरायचं. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट ओल्या हवेत काढला की समोरच्या काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा. लॅकरच्या गिटारलाही तापमानाचा असा धक्का सोसत नाही.

ऑक्टोबर अखेर

खोलीत ५२ टक्के. सॉलिड बॉडीच्या तिन्ही गिटारींत लिहिण्याजोगा फरक नाही. आर्चटॉपचा ब्रिज फळीला चिकटवलेला नसतो, तो फोटोत दोन मिलिमीटर सरकलेला दिसला. इंटोनेशन (फ्रेटवरच्या सुरांचा नेमकेपणा) का बिघडलं होतं ते कळलं आणि पट्टीवरच्या जुन्या खुणेवर तो परत बसवला. ड्रेडनॉटची अ‍ॅक्शन २.४, पट्टीखालची फट १.६. सॅडलला हात लावला नव्हता, तेच योग्य ठरलं.

बारा तारांची गिटार मात्र परतली नाही. तिची फट मेमध्ये दोन होती, जुलैमध्ये तीन, आताही तीनच. तिरप्या प्रकाशातल्या फ्रेमवर मे आणि ऑक्टोबर एकमेकांवर ठेवले तर ब्रिजच्या मागच्या कडेला एक बारीक काळी रेघ जास्तीची दिसते. तिथे साधा कागद घालून पाहिला, तो चार मिलिमीटर आत गेला. गोंद सुटायला लागला आहे. तारा पूर्ण उतरवल्या आहेत, साउंडहोलमधून फोनचा वाइड कॅमेरा आणि छोटा एलईडी घालून ब्रेसिंगच्या (फळीच्या आतल्या आधारपट्ट्यांच्या) फ्रेम घेतल्या. एक्स-ब्रेस जोडावर उजेडाची फट नाही, म्हणजे सध्या तरी काम ब्रिजपुरतं आहे. ब्रिज काढून पुन्हा चिकटवायला गिटार कारागिराकडे जाईल, सोबत तिन्ही फेऱ्यांच्या मोठ्या प्रिंट. आधी ती महिनाभर ५० टक्क्यांवर ठेवायची आहे. फुगलेल्या फळीवर ब्रिज चिकटवला तर तो उन्हाळ्यात पुन्हा उचलतो.