क्रूझ सात रात्रींची, व्हिसाला दोन महिने

गेल्या मेमध्ये आम्ही म्हापशाचे चार मित्र एड्रियाटिकची क्रूझ करून आलो, इटलीतल्या बारीहून निघून परत बारीलाच, मध्ये ग्रीसमधलं कोर्फू, मॉन्टेनेग्रोतलं कोटोर, क्रोएशियातलं दुब्रोवनिक. फोटो सगळ्यांनी बघितलेत. मला सांगायचंय ते मुंबईतल्या व्हिसा काऊंटरबद्दल, अजून डोकं तापतं.

आमच्यातल्या एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोव्यात पोर्तुगीज राज्य असतानाचा, त्यामुळे मिळालेला. त्याला व्हिसाच नको. "बुकिंग मी करतां रे, तुमी कित्याक भियेतात" म्हणाला, आणि आम्ही तिघे सुशेगाद.

अपॉइंटमेंट मिळायलाच तीन आठवडे गेले. कोकणकन्येने रात्रभर जाऊन सकाळी काऊंटरवर उभे राहिलो, आणि बाईंनी दोन मिनिटांत फाईल परत सरकवली. एक, फॉर्मवर आम्ही सिंगल एंट्री टिक केलेलं. आपण समजतो एकच ट्रिप, एकच एंट्री, पण कोटोर मॉन्टेनेग्रोत आणि मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट) नाही, म्हणजे कोर्फूहून तिकडे गेलात की तुम्ही बाहेर पडलात आणि दुब्रोवनिकला परत आत आलात (क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे). म्हणजे मल्टिपल एंट्रीच हवी. हे मान्य, चूक आमची.

पण दुसरं ऐका. बुकिंगच्या कागदावर फक्त त्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्याचं नाव, खाली "अधिक ३ प्रवासी". ज्याला व्हिसा नको त्याचंच नाव! बाई म्हणाल्या तिघांची नावं, पासपोर्ट नंबर आणि सगळी बंदरं असलेलं लेटर आणा. मी म्हटलं मॅडम, आत्ता ईमेलवर मागवतो, थांबतो इथेच. नाही, नवीन अपॉइंटमेंट घ्या. त्या दिवशी शुक्रवार होता, क्रूझवाल्यांचा मेल आला थेट मंगळवारी, आणि त्यात माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. परत मेल, परत तीन आठवडे, परत कोकणकन्या. तिघांच्या तिकिटा, लॉज, वडापाव, वर दोन कॅज्युअल लीव्ह, हिशोब मी मुद्दाम केलाच नाही.

हां, व्हिसा कुठल्या देशाचा मागायचा तर जिथे जास्त दिवस राहणार त्याचा, आमचे जास्त दिवस इटलीत होते म्हणून इटलीचा. आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, तो मात्र आमचा पहिल्यापासून बरोबर होता, एवढं तरी.

व्हिसा आला निघायच्या नऊ दिवस आधी. बाकी सगळं मस्त. कोर्फूवर व्हेनिसवाल्यांनी १३८६ ते १७९७ राज्य केलं, जुन्या किल्ल्यात शिरताना मला सारखा आपला आग्वाद आठवत होता. कोटोरच्या तटबंदीला तेराशेच्या वर पायऱ्या आहेत, सकाळी लवकर चढा, अकराला ऊन खातं. दुब्रोवनिकला जहाज ग्रुझला लागतं, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर, टॅक्सी नको, बस आहे.

आणि ज्या कोटोरपायी एवढं रामायण झालं, तिथे उतरताना जहाजाचं कार्ड मशिनला लावलं, टिंग वाजलं, झालं. पासपोर्ट कोणी उघडूनसुद्धा बघितला नाही. तो पोर्तुगीजवाला मागून हसत होता.