हापूसच्या मुळांभोवतीचे जिवाणू

रत्नागिरीच्या कातळावरील हापूसच्या बागा पाहताना मला नेहमी झाडापेक्षा मुळांजवळच्या मातीचे कुतूहल अधिक वाटते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी 1904 मध्ये मुळांलगतच्या मातीच्या या पातळ थराला ‘रायझोस्फिअर’ असे नाव दिले. मुळांतून शर्करा आणि सेंद्रिय आम्ले पाझरत असल्याने तेथे जिवाणूंची गर्दी बाहेरच्या मातीपेक्षा कितीतरी दाट असते.

कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असून तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) असे धरून ठेवतात की खत घालूनही झाडाला त्यातील थोडाच अंश मिळतो. बॅसिलस आणि स्यूडोमोनास या गटांतील काही जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून हा बांधलेला स्फुरद मोकळा करतात. शिवाय स्यूडोमोनासच्या काही जाती लोह पकडणारी द्रव्ये तयार करून रोगकारक बुरशीची उपासमार करतात. हवेतील नत्र (नायट्रोजन) झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणारा ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू मात्र आम्लधर्मी मातीत फारसा रमत नाही, तर तेच काम करणारा बायजेरिन्किया तेथेही तग धरतो. म्हणूनच सर्व बागांना एकच जिवाणू संवर्धक (मातीत घालायचे उपयुक्त जिवाणूंचे तयार मिश्रण) सुचवणे मला पटत नाही.

बाहेरून आणलेल्या जिवाणूंना आधीपासून वसलेल्यांशी स्पर्धा करावी लागते. त्यामुळे आधीच्या जिवाणूंना खाद्य मिळावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याऐवजी बुंध्याभोवतीच्या आळ्यातच कुजू द्यावा आणि जिवाणूंनाही मारक ठरणारे ताम्रयुक्त बुरशीनाशक मुळांशी ओतल्यावर (आळवणी केल्यावर) लगेच संवर्धक घालू नये, असे मी आग्रहाने सांगतो.