बारा ग्रेची लाईट

माझ्या मांडीवरचा पहिला चट्टा जुन्या रुपयाएवढा होता आणि तो नायटाच असणार, याबद्दल घरात कोणालाही शंका नव्हती. त्यानंतरची सहा वर्षे मी नायट्याची, मग सोरायसिसची आणि मग पुन्हा नायट्याची मलमे लावली. पाठीवर फिकट, पांढुरके चट्टे दिसू लागले तेव्हा एका दवाखान्यात डोळे मिटायला सांगून, सुई टोचल्याचे कळते का, हेही तपासण्यात आले. ती तपासणी कुष्ठरोगाची होती हे मला घरी आल्यावर समजले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. सावळ्या त्वचेवर माझा खरा आजार कधी कधी असा फिकट होऊन उमटतो आणि कोड किंवा कुष्ठरोगाशी त्याची गल्लत होते, हे तेव्हा मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

तिसऱ्या बायोप्सीत निदान झाले: मायकोसिस फंगॉइड्स, म्हणजे त्वचेत वस्ती करणाऱ्या टी-पेशींचा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) लिम्फोमा, एक कर्करोग. सुरुवातीच्या काळात या पेशी साध्या दाहासारख्याच दिसतात, त्यामुळे एकदोन बायोप्सींतून काही हाती न लागणे नेहमीचेच आहे. नाव ऐकून घरचे म्हणाले, "म्हणजे बुरशीच ना?" बुरशीचा या रोगाशी काहीही संबंध नाही. १८०६ मध्ये पॅरिसच्या आलिबेर या डॉक्टरांनी या रोगाचे वर्णन केले तेव्हा त्यांना रुग्णाच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या आणि ते नाव दोनशे वर्षे चिकटून राहिले.

चट्टे अंगभर पसरल्यावर डॉक्टरांनी संपूर्ण त्वचेला इलेक्ट्रॉन किरणांची लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरवले आणि एकूण मात्रा सांगितली बारा ग्रे. ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे माप. माझ्या वहिनींना स्तनाच्या कर्करोगासाठी पंधरा सिटिंगमध्ये ४० ग्रे दिले होते. त्यांनी काळजीने विचारले, "तुम्हांला बाराच? मग आजार मुळापासून जाणार कसा?" हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, आणि त्यांनी दिलेले उत्तर मला सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते.

लिम्फोमाच्या पेशी किरणांपुढे फार लवकर मान टाकतात. बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, त्वचेत संथपणे वाढणाऱ्या लिम्फोमाला तर कित्येकदा दोन सिटिंगमध्ये मिळून चार ग्रे पुरतात. पूर्वी माझ्या आजारात संपूर्ण त्वचेला ३० ते ३६ ग्रे देत असत. त्याने त्वचा अधिक स्वच्छ होई, पण केस जात, नखे गळत, घाम येईनासा होई, आणि एवढे सोसूनही बहुतेकांचे चट्टे कालांतराने परत येत. तेवढी मोठी मात्रा पुन्हा पुन्हा देता येत नाही. बारा ग्रे मात्र गरज पडल्यास पुन्हा देता येतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तीन चाचण्यांची एकत्रित आकडेवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बारा ग्रे घेतलेल्या ३३ रुग्णांपैकी ८८ टक्क्यांना चांगला गुण आला होता. संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण त्वचा स्वच्छ झालेले मात्र चौथ्या हिश्शाहून थोडेच अधिक होते, हेही डॉक्टरांनी लपवले नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस मी जात होते. खोलीत एक लाकडी चौथरा होता आणि त्यावर पावलांच्या खुणा रंगवलेल्या होत्या. त्या खुणांवर पावले ठेवून, डोक्यावरचा पट्टा धरून, यंत्रापासून बरेच लांब, जवळजवळ विवस्त्र उभे राहायचे. डोळ्यांवर शिशाचे गॉगल, समोर अॅक्रिलिकची पारदर्शक भिंत, आणि मात्रा मोजण्यासाठी छातीवर, पाठीवर, घोट्यावर चिकटवलेले फिल्मचे छोटे तुकडे. समोरून, पाठीमागून आणि चार तिरक्या बाजूंनी, अशा सहा स्थिती. त्यांतल्या तीन एका दिवशी आणि उरलेल्या तीन दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मला लाजेने रडू आले, तेव्हा स्पीकरवरून तंत्रज्ञ मुलीचा आवाज आला, "ताई, मी इथेच आहे, तुम्ही फक्त हात खाली घेऊ नका." हे किरण त्वचेत काही मिलिमीटरच शिरतात, आतल्या अवयवांपर्यंत पोहोचत नाहीत, याचा मला त्या खोलीत फार आधार वाटे.

दुसऱ्या आठवड्यात त्वचा लाल होऊन कोरडी पडली, तिसऱ्यात डोक्यावरचे केस थोडे विरळ झाले. नखे शाबूत राहिली. सगळ्यांत मोठा बदल म्हणजे खाज थांबली. सहा वर्षांत प्रथमच मी पहाटेपर्यंत सलग झोपले, आणि सकाळी यांनी चादरीवर रक्ताचे डाग नाहीत हे मला दाखवले.

आता चार महिने झाले आहेत. मांडीवरच्या पहिल्या चट्ट्याच्या जागी तपकिरी डाग उरला आहे, हाताला तो लागत नाही. डाव्या तळव्यावरचा चट्टा मात्र तसाच आहे, कारण उभ्या माणसाच्या तळव्यांवर किरण पडतच नाहीत. स्तनांखालची घडी आणि जांघा यांनाही म्हणूनच वेगळी लाईट द्यावी लागते. माझ्या जांघांना ती तेव्हाच दिली होती, तळव्याचे मागे राहिले होते. पुढच्या मंगळवारी त्याला चार ग्रे, आणि गुरुवारी आणखी चार.