आधी १९८२ म्हणजे काय ते ठरवा, मग भांडा

१९८२ च्या सिनेमांवर वाद घालायला कुणीही एका पायावर तयार असतो. 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' अमेरिकेत एकाच दिवशी लागले, २५ जूनला. त्याआधी दोन आठवडे आलेल्या 'ई.टी.'ने दोघांनाही झाकोळून टाकलं. एवढा ऐवज हाताशी असताना वाद मात्र भलत्याच गोष्टीवर अडतो. एकाने वर्षातल्या सर्वोत्तम सिनेमांच्या यादीत 'दास बूट' हा जर्मन सिनेमा घातलेला असतो, दुसरा म्हणतो तो ८१ चा, आणि तासभर तिथेच जातो.

खरं तर दोघांचंही बरोबर असतं. 'दास बूट' जर्मनीत १९८१ मध्ये लागला, अमेरिकेत १९८२ मध्ये, आणि त्याची सहा ऑस्कर नामांकनं १९८२ च्या खात्यात आहेत. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'फॅनी अँड अलेक्झांडर' पुढच्या वर्षात घसरतो: स्वीडनमध्ये डिसेंबर १९८२, ऑस्कर १९८३ च्या खात्यात. आपला 'उंबरठा' सगळे १९८२ चा म्हणतात, पण त्याचा राष्ट्रीय पुरस्कार १९८१ च्या यादीत सापडतो, कारण तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख बघतात. म्हणून नियम एकच ठेवा: मूळ देशात तिकीट लावून पहिल्यांदा लागला, ते त्याचं वर्ष. महोत्सवातला पहिला खेळ धरू नका. तिथली प्रत पुढे कापली जाऊ शकते. या नियमाने 'दास बूट' बाहेर जातो. वाईट वाटतं, पण जाऊ द्या.

दुसरा घोळ आवृत्तीचा, आणि तो जास्त चिवट. 'ब्लेड रनर'च्या १९८२ च्या प्रतीत हॅरिसन फोर्डचं निवेदन आहे आणि शेवट गोड आहे. त्या शेवटातली डोंगररांगांची हवाई दृश्यं तर कुब्रिकच्या 'द शायनिंग'मधली न वापरलेली चित्रफीत! १९९२ च्या प्रतीत निवेदन आणि गोड शेवट दोन्ही गेले. २००७ च्या 'फायनल कट'मध्येही ते नाहीत. फरक किती पडतो ते रॉय बॅटी या कृत्रिम माणसाच्या मृत्यूच्या प्रसंगात बघा. पावसात तो मान खाली घालतो, कबुतर उडतं. नंतरच्या प्रतींत डेकर्ड, म्हणजे फोर्ड, नुसता बघत राहतो. मूळ प्रतीत मात्र त्याच चेहऱ्यावर निवेदन सुरू होतं: याने मला का वाचवलं असेल, वगैरे. प्रेक्षकाला जे कळलेलंच आहे ते पुन्हा सांगून प्रसंगाची हवा काढून घेतली आहे. तेव्हा '१९८२ चा सर्वोत्तम' म्हणून जो हा सिनेमा पुढे करतो, त्याला आधी विचारा, कुठली प्रत पाहिलीस? बहुतेकांनी २००७ ची पाहिलेली असते. 'ई.टी.'लाही हेच लागू: २००२ च्या प्रतीत पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून तिथे वॉकीटॉकी बसवले होते. 'फॅनी'ची चित्रपटगृहातली प्रत १८८ मिनिटांची, दूरदर्शन मालिकेची ३१२. यादीत नावापुढे प्रतीचं वर्ष किंवा मिनिटं लिहिली की निम्मी भांडणं मिटतात.

'द थिंग'ला हा त्रास नाही, आणि माझ्या मते या वर्षात पहिला नंबर त्याचाच. माणसाचं रूप घेतलेला परग्रहावरचा जीव कोण, हे शोधणाऱ्या रक्ताच्या चाचणीचा प्रसंग बघा. नायक मॅक्रेडी तापवलेली तार एकेका सहकाऱ्याच्या रक्तात बुडवतो, काहीच होत नाही, आपण सैलावतो. मग त्याचं बोलणं गॅरीशी, आपलं लक्षही गॅरीवर, आणि रक्त उसळतं ते पामरचं. हा धक्का स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या रॉब बॉटिनच्या रबरी करामतींच्या आधी, नुसत्या मांडणीतून येतो.

आता गुण. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला १० आणि दहाव्याला १ गुण, ही पद्धत सोपी, पण तिच्यात एक खोड आहे. पाच जणांनी सहाव्या क्रमांकावर ठेवलेला सिनेमा २५ गुण घेतो. दोघांनीच पाहिलेला आणि दोघांनीही पहिला ठेवलेला 'फिट्झकाराल्डो' २० वर अडकतो. म्हणजे जिंकतो तो जास्त लोकांनी पाहिलेला. म्हणून 'पाहिला, पण यादीत नाही' याला शून्य द्या आणि 'पाहिलाच नाही' तिथे रकाना कोरा सोडा. सरासरी फक्त भरलेल्या रकान्यांची काढा, आणि निम्म्याहून कमी लोकांनी पाहिलेला सिनेमा वेगळ्या यादीत टाका. नाहीतर एकट्याने पाहिलेलं काहीतरी १० च्या सरासरीने डोक्यावर बसतं. वरच्या तिघांसाठी जोड्या लावा: दोन्ही पाहिलेल्यांपैकी जास्त जण कुणाच्या बाजूने? कधीकधी 'ई.टी.' 'ब्लेड रनर'ला हरवतो, 'ब्लेड रनर' 'द थिंग'ला, आणि 'द थिंग' 'ई.टी.'ला. हिशेब चुकलेला नसतो, तीन माणसांच्या तीन क्रमांतूनही असं चक्र होऊ शकतं. अशा वेळी तिघांना एकच क्रमांक द्या आणि पुढचं नाव चौथ्यावर घ्या.